भंगारातले विष आणि परभणीची काळी माती



संत जनाबाईंच्या या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ हे आपण ऐकले असेल. ज्याचे कुठे जमले नाही, त्याला या गावाने काम दिले, भाकरी दिली. बंद पडलेले मोबाइल, टीव्ही, संगणक फोडून पोट भरणारे हातही त्याच परंपरेतले आहेत. त्यांची भाकरी शाबूत ठेवून त्यांच्या वाट्याचे विष कसे थांबवायचे, हा माझ्या मते या परिषदेपुढचा खरा प्रश्न आहे.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. श्रीमंत देशांनी घातक कचरा गरीब देशांत लोटू नये म्हणून १९८९ मध्ये बाझल करार झाला. तरीही ‘वापरलेला माल’ या नावाखाली तो येत राहिला. घानातले अगबोगब्लोशी आणि दिल्लीतले सीलमपूर ई-कचरा फोडण्याची ठिकाणे म्हणून जगाला ठाऊक झाली. आता तर आपल्याच घरांतून आणि शेतांतून तो निघतो आहे. आजचे सौर पॅनेल हे उद्याचे भंगारच आहे.

तांबे काढण्यासाठी वायर जाळली की प्लास्टिकच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात मिसळतात. सोन्याच्या कणासाठी मदरबोर्ड आम्लात बुडवतात आणि उरलेले आम्ल नालीत ओततात. जुन्या बोर्डांच्या डागकामात आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भातल्या बाळाच्या आणि लहान मुलाच्या मेंदूची वाढ ते खुंटवते. कामगाराच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरात येते आणि रांगत्या लेकराच्या हातातून त्याच्या तोंडात जाते.

आपली काळी माती चिकण आहे. ओल धरते तसे ती जड धातूही धरून ठेवते. शिसे कुजत नाही, विरत नाही. कॅडमियम तर मुळांतून पालेभाजीत चढते. १९७२ पासून कृषी विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या गावाने भंगार फोडण्याच्या जागांजवळची माती आणि विहिरींचे पाणी तपासायला आता सुरुवात केली पाहिजे.

कायदा आहे. २०११ मध्ये ई-कचऱ्याचे नियम आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि सौर पॅनेलही कक्षेत आणले. पण हा कायदा जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या भंगार दुकानापर्यंत पोचला पाहिजे. नुसते छापे घातले तर हेच काम बंद दाराआड, आणखी कोंदट खोलीत चालेल. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यांनी महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली. मान मिळाला की माणूस व्यवस्थेत येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून या व्यासपीठाला माझी विनंती आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ई-कचरा संकलन केंद्र असावे आणि ते चालवण्याचा पहिला हक्क भंगार व्यावसायिकांना मिळावा. नोंदणीकृत प्रकल्पाने त्यांच्याकडून अख्खी वस्तू रास्त भावाने घ्यावी, म्हणजे ती फोडण्याची, जाळण्याची गरजच उरणार नाही. आणि या कामातल्या कुटुंबांच्या, विशेषतः गरोदर बायांच्या व मुलांच्या, रक्तातील शिशाची तपासणी मोफत व्हावी.

पाहुण्यांनो, दोन दिवस हे घर आपलेच आहे. काही हवे-नको असेल तर हक्काने सांगा. चर्चा मोकळी होऊ द्या, मतभेदही होऊ द्या. मात्र या मागण्यांचा ठराव करूनच आपण उठू या आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देताना भंगार व्यावसायिकांना पुढच्या रांगेत उभे करू या.