बाटलीतली संत्र्याची साल

गुरुकुंज मोझरीत बसून दारूच्या बाटलीवर बोलायचं म्हटलं की भुवया वर जाणारच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला आणि खंजिरी वाजवून गावोगाव व्यसनाविरुद्ध सांगितलं. तरीही आज मी जिन नावाच्या दारूबद्दल बोलणार आहे. आपली शहरात शिकणारी पोरं-पोरी ही बाटली पाहतात, आणि तिच्यात काय असतं ते आपल्याला ठाऊक असलं तर त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

जिन कशी करतात? हातभट्टी कशी चालते ते आपल्या डोळ्यांना माहीत आहे, तेव्हा समजायला जड नाही. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून केलेला बिनवासाचा, बिनचवीचा मद्यार्क घेतात. त्यात मसाले घालून तो पुन्हा तापवतात. वाफ निघते ती मसाल्याचा वास घेऊन निघते, ती गार केली की झाली जिन. यातला मुख्य मसाला म्हणजे ज्युनिपर झुडपाची निळसर फळं. आपल्या आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. बाकीचे मात्र आपल्याच डब्यातले: धणे, मिरे, दालचिनी, जायपत्री, ज्येष्ठमध, लिंबाची नि संत्र्याची साल.

गेल्या काही वर्षांत गोव्यात अशी जिन करणारे छोटे कारखाने निघाले. २०१७ साली ग्रेटर दॅन आली, मग त्याच कंपनीची हपुषा, आणि स्ट्रेंजर अँड सन्स. जाडजूड काचेची बाटली, चित्रविचित्र लेबल, आणि किंमत अशी की एका बाईची आठवडाभराची निंदणाची मजुरी कमी पडावी.

परदेशात तर याहून नवल आहे. ऑस्ट्रेलियात एका जिनच्या बाटलीत हिरव्या मुंग्या तरंगत असतात, आणि लोक त्या मुंग्यांच्या आंबट चवीसाठी पैसे मोजतात. हसू नका, बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी आवडीनं खातातच की! दक्षिण आफ्रिकेत एक जिन हत्तीच्या लीदेपासून करतात. हत्ती नाना तऱ्हेचा झाडपाला खातो आणि त्यातला बराच न पचता बाहेर पडतो. तो धुऊन, निर्जंतुक करून, वाळवून जिनच्या भांड्यात घालतात. आपण शेणाच्या गोवऱ्या थापल्या, पण बाटलीत भरायचं काही सुचलं नाही बुवा. कॅनडातली एक जिन गडद निळी असते, तिच्यात लिंबूवर्गीय रस किंवा टॉनिक पाणी घातलं की ती जांभळी-गुलाबी होते. जादू कशाची, तर गोकर्णीच्या फुलाची. तीच गोकर्णी, जी आपल्या कुंपणावर फुकट फुलते.

गेल्या दिवाळीत पुण्याला भाचीकडे अशी एक बाटली होती. मी बूच काढून वास घेतला. आधी लिंबाची साल आली, मग धणे, अगदी मसाला कुटतानाचा वास. बरा वाटला, खोटं कशाला बोलू? मग नाकात जाळ गेला. चव कशी, असं भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, आधी लिंबू, मग मिरं, आणि शेवटी घशात हेच, तुझ्या नाकात गेलं ते." लेबलावर बारीक अक्षरात ४२.८ टक्के मद्यार्क असं लिहिलेलं होतं. म्हणजे मसाले कितीही शोभेचे असोत, निम्म्याला थोडी कमी एवढी नुसती दारूच.

म्हणून "ही काही दारू नाही, हे मसाल्याचं पेय आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तीनशे वर्षांपूर्वी हीच जिन लंडनमध्ये पाण्यासारखी स्वस्त झाली होती, आणि त्यात गरिबांची घरं बुडाली. १७५१ साली विल्यम होगार्थ नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. पायऱ्यांवर एक आई झिंगून बसली आहे आणि तिच्या हातातून लेकरू खाली पडतं आहे. त्याच वर्षी सरकारला जिनविरुद्ध कायदा करावा लागला. आज ती महाग झाली, नटली, पण आत तेच आहे. आपल्याकडे दुकान बंद करण्यासाठी बाया मत देतात तेव्हा मतपत्रिकेवर बाटलीची दोनच चित्रं असतात, उभी आणि आडवी. लेबल कोणतं ते तिथे कोणी विचारत नाही.

पण एक गोष्ट मला या बाटलीतून उचलावीशी वाटते. स्ट्रेंजर अँड सन्सवाले सांगतात की त्यांना लागणारी लिंबूवर्गीय फळं गावातल्या बाया हातानं सोलतात. साल कारखान्याला जाते आणि उरलेल्या फळांचं बाया लोणचं घालतात. म्हणजे ज्या वासासाठी शहरातला माणूस हजारो रुपये देतो, तो वास सालीत आहे आणि ती सोलणारे हात बायांचे आहेत. मग वरुड-मोर्शीच्या संत्र्याची साल आपण उकिरड्यावर का टाकतो? दारूला नका देऊ. चहाच्या मसाल्यात, साबणात, उटण्यात, सरबतात ती चालते. आणि बाटली, लेबल, त्यावरची गावाची गोष्ट, हे तर आपल्या गटालाही जमण्यासारखं आहे. विकायचं असेल तर अन्न खात्याची नोंदणी मात्र आधी करून घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे करून बघा. गोकर्णीची आठ-दहा निळी फुलं हिरवे देठ काढून धुवा. दोन पेले कडक पाण्यात पाच मिनिटं ठेवून गाळा. संत्र्याच्या सालीचा तुकडा नि दोन धणे त्याच पाण्यात टाकले तर वास बाटलीवाल्यांसारखा येतो. गार झालं की साखर घाला आणि सगळ्यांसमोर वरून लिंबू पिळा. निळ्याचं जांभळं होताना पोरं ओरडतील. गरोदर बाईनं मात्र हे घेऊ नये.

साल घ्यायची ती फवारा न मारलेल्या झाडाची. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून काढा, तो कडू असतो. सावलीत पसरून कडकडीत वाळू द्या, नाहीतर डब्यात बुरशी धरते.