लंगरात परतलेली भाकरी

आधी उत्तर स्वीडनला जाऊ. तिथल्या सामी लोकांचं जुनं खाणं म्हणजे रेनडिअरचं मांस, चरबीदार मासे, रानफळं, भाज्या नावापुरत्या. परंपरेचं आहे म्हणजे आयुष्य वाढवणारच, असं कुणालाही वाटेल. पण २०१२ साली तिथल्या हजारो लोकांचा आहार तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या धाटणीचं खाणाऱ्या आजच्या माणसांना जास्त आयुष्य काही लाभलेलं दिसलं नाही.

आता आपलं बघा. मार्च २०२३ मध्ये इथे दिल्लीत लष्करानं जाहीर केलं, की जवानांच्या रेशनमध्ये ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ पुन्हा येणार. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ते बंद होऊन गव्हाचा आटा आला होता. माझी सगळी नोकरी त्या मधल्या काळातली! आता मागणीनुसार, तांदूळ-आट्याच्या २५ टक्क्यांपर्यंत. मला हे प्रमाण शहाणपणाचं वाटतं.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, गव्हाच्या कितीतरी पट. पण आजोबांच्या भाकरीबरोबर पालेभाजी होती आणि दिवसभराची औतामागची चाल होती. गुरुग्रामच्या मॉलमधल्या नाचणीच्या बिस्किटाबरोबर काय असतं? पाकीट उलटून वाचा. मैदा, साखर आधी. नाचणी खाली कुठेतरी.

आणि हो, बाजरी थोडी थोडीच दळून आणा. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते पीठ फार लवकर कडवट होतं.