अभ्यासाची रीत



तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, "गुरुजी, वाचलेलं ध्यानात राहत नाही. आता वय झालं." मी सारा जन्म मास्तरकी केली. आज तुम्हाला माझीच एक चूक सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत. त्या बाजारात भाजी विकत. मी त्यांना एकेक अक्षर वीस वीस वेळा गिरवायला लावी. त्या निमूटपणे गिरवीत. दुसऱ्या दिवशी अक्षर विसरलेले असे. एकदा मी सर्वांदेखत बोलून गेलो, "मावशी, तुमचं डोकंच चालत नाही." त्यांनी पाटी खाली ठेवली. पुन्हा त्या वर्गाला आल्या नाहीत.

महिन्याभराने मी बाजारात गेलो. मावशी गिऱ्हाइकांना उधारी सांगत होत्या. कोणाची किती, कशाची, सगळी तोंडपाठ! मी विचारले, "हे ध्यानात कसं राहतं?" त्या म्हणाल्या, "रात्री दिवा मालवला की एकेक गिऱ्हाईक डोळ्यापुढं आणते. आठवलं नाही तर सुनेला विचारते. ती शेजारीच बसलेली असते ना! मग दोन-चार दिवसांनी पुन्हा आठवून बघते."

मी वरमलो. मावशींचे डोके ठीक होते. माझी रीत चुकली होती. मी त्यांची माफी मागितली आणि म्हणालो, "मावशी, आता तुमच्याच रीतीनं शिकू."

ही रीत विद्वानांनीही पारखली आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग केले. त्याचे पुस्तक १८८५ साली निघाले. शिकलेले आरंभी भराभर विसरते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त उपयोगी पडते, असे त्याला दिसले. २००६ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी धडा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

तेव्हा असे करा. दोन ओळी वाचा. पुस्तक मिटा. काय वाचले ते तोंडाने सांगा किंवा पाटीवर लिहा. मग पुस्तक उघडून चूक सुधारा. उद्या पुन्हा पाहा, मग चार दिवसांनी पाहा. आठवायला त्रास होईल. घाबरू नका. त्या त्रासानेच शिकलेले पक्के होते.

कोणी म्हणतो, मी कानाने शिकतो. कोणी म्हणतो, डोळ्याने. अक्षराला मात्र दोन्ही लागतात, आणि हातही लागतो. आकार पाहावा, उच्चार ऐकावा, हाताने लिहावे. आपली सोय पाहावी ती वेळेची आणि शब्दांची. कोणाला पहाट बरी, कोणाला जेवणानंतरची घटका. शेतकऱ्याने बी, खत, पाणी हे शब्द आधी घ्यावेत. गवंड्याने वीट आणि वाळू घ्यावी.

मावशींनी कांदा, मिरची, मेथी येथून आरंभ केला. पुढे त्या उधारीची वही लिहू लागल्या. एकदा एक गिऱ्हाईक म्हणाले, "माझ्याकडे एवढे नाहीत." मावशींनी वही उघडून पुढे केली. त्याने मुकाट्याने पैसे मोजले.

मंडळी, आज घरी गेल्यावर हे पुस्तक मिटा, आणि मी काय सांगितले ते घरच्यांना सांगून पाहा. अभ्यास तेथूनच सुरू होतो.