‘ध’ चा ‘मा’ आणि मिरजेचे कागद

आष्ट्यास मध्य धरून दहाबारा कोसांचे वर्तुळ काढले, तर सांगली आणि मिरज ही दोन्ही नगरे त्यात येतात. पेशव्यांच्या घरातील सर्वांत भयंकर कारस्थानावर नाटक रचणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीस जन्मले. आणि त्याच काळची अस्सल पत्रे लावून छापणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे एकाच घटनेचे नाटक आणि दप्तर अशी दोन्ही रूपे या मुलखाने जतन केली.

घटना सर्वश्रुत आहे. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव निवर्तले व धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराचा गलका करीत शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांच्या पेशव्याने धावत जाऊन काकांस मिठी घातली, ती व्यर्थ ठरली. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, असे लोक तेव्हापासून सांगत आले. तो कागद मात्र आजवर कोणा अभ्यासकाच्या हाती लागलेला नाही. एका अक्षरात सारा अपराध मावला, तोही एका स्त्रीच्या माथी; कथेला याहून सोयीचे काय हवे?

१९०९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘भाऊबंदकी’त खाडिलकरांनी आनंदीबाई उभी केली ती शेक्सपियरच्या लेडी मॅक्बेथच्या वळणाची. डळमळणाऱ्या पतीस ती पुढे ढकलते. त्या वेळी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि दोनच वर्षांपूर्वी सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली होती. गृहकलहाने राज्य कसे जाते, हे प्रेक्षकांस निराळे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. (रघुनाथरावांनी इंग्रजांशी १७७५ साली तह केला, तोही सुरतेसच!) रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे नाटकात जितके तेजस्वी, तितकेच इतिहासातही होते. नाटककाराचा खरा विजय तेथे आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र त्याने आरोपी पाहिली, पुरावा पाहिला नाही.

इटलीतही असेच घडले. बोर्जिया घराण्यातील लुक्रेझियेस व्हिक्टर ह्यूगोच्या १८३३ च्या नाटकाने विष घालणारी कैदाशीण बनविले. पुढे १८७४ साली ग्रेगोरोव्हियस या जर्मन इतिहासकाराने जुने कागद धुंडाळून तिचा बराचसा कलंक धुतला.

मग मिरजेचे कागद अखेरचा निवाडा देतात काय? खरेशास्त्र्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तो मुख्यतः पटवर्धन सरदारांच्या दप्तरावरून. त्या पत्रांत छावणीची हालचाल आणि दरबारची कुजबुज जशी कानी आली तशी उतरली आहे. परंतु पटवर्धन हे बारभाईंच्या बाजूचे; शिवाय रघुनाथरावांनी त्यांचे मिरज बळाने घेतले होते. तो घाव विसरून कोणता कारकून दादासाहेबांविषयी लेखणी चालवील? कागद अस्सल असला, म्हणजे निःपक्षपाती असतोच असे नव्हे.

खरेशास्त्र्यांस हे उमगलेले असावे. कारण ज्या हाताने त्यांनी ही पत्रे लावली, त्याच हाताने ‘गुणोत्कर्ष’, ‘तारामंडळ’ ही नाटकेही लिहिली.