माठाचं पहिलं पाणी



तुम्ही भोपाळकरांनी मला अध्यक्ष केलंत, सकाळी पोहे-जिलबी खाऊ घातलीत, आता माझं ऐकून घेणं आलं. आभार मनापासून आहेत. पण आज माझं भांडण आहे ते एका शब्दाशी. ‘कार्यान्वित’.

हा शब्द मीही मुबलक वापरलाय. हवामानाच्या नोकरीत उमेदीची वर्षं गेली, निवृत्तीनंतर लिहू लागलो, आणि नव्या उपग्रहावरचा प्रत्येक लेख असाच संपवला: ‘उपग्रह लवकरच कार्यान्वित होईल.’ उड्डाणावर चार परिच्छेद, धुराचे लोट, टाळ्या आणि मग हे एक वाक्य. खरी गोष्ट जिथं सुरू होते, नेमकं तिथं आपण पेनाला टोपण लावतो.

इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यानं टिपलेली पहिली चित्रं ७ मार्चची. मधल्या एकोणीस दिवसांवर मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही. प्रक्षेपक उपग्रहाला त्याच्या जागेवर नेऊन ठेवत नाही. लांबुळक्या कक्षेत सोडतो आणि मोकळा होतो. तिथून छत्तीस हजार किलोमीटरवरच्या वर्तुळापर्यंतची चढण उपग्रहानं स्वतःच्या इंजिनावर चढायची. मग घडी घातलेले सौरपंख उघडायचे, अँटेना उघडायचे. हे सगळं झालं तरी डोळा उघडत नाही.

का, ते सांगतो. नवा माठ आणला की पहिल्या दोन-तीन दिवसांचं पाणी आपण ओतून देतो, कारण त्याला मातीचा वास असतो. उपग्रहाचंही तसंच. त्याच्या गोंदात, रंगात, चकचकीत वेष्टनाच्या पदरांत जमिनीवरची ओल आणि वाफ मुरलेली असते. निर्वात पोकळीत ती बाहेर पडू लागते आणि सगळ्यात थंड जागा शोधून तिथं जाऊन बसते. आता सगळ्यात थंड जागा कुठली? रात्री ढग पाहणाऱ्या अवरक्त संवेदकाची. तो उणे १७० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तर डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून थंडावा देणाऱ्या भागावर सुरुवातीला झाकण ठेवतात, आतून ऊब देत राहतात, आणि वाफ निघून गेल्यावरच झाकण सोडतात. साध्या उजेडातलं चित्र आधी आणि रात्रीचं चित्र मागाहून येतं, ते यामुळे. या दिवसांत नियंत्रण कक्षात बसलेला माणूस काय करतो? तापमानाचे आकडे बघतो. माझ्या मते हे उड्डाणापेक्षा कठीण काम आहे, कारण त्याला टाळ्या नाहीत आणि उलटी मोजणीही नाही.

हा थंडावाही फुकट मिळत नाही. त्यासाठी उपग्रहाची एक बाजू काळ्या अवकाशाकडे उघडी ठेवावी लागते. तिथं सौरपंख लावला तर त्याचीच धग लागणार. म्हणून इन्सॅट-१ मालिकेत पंख एकाच बाजूला होता. उन्हालाही दाब असतो, अगदी नगण्य, पण तो दिवसरात्र लागत राहतो. एकीकडेच घागर लावलेल्या कावडीसारखी गत. तोल साधायला दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर शीड बसवलं. शीड! कोकणातल्या गलबताचा शब्द अंतराळात पोचला, आणि आपण मराठी लेखकांनी त्याची साधी दखलही घेतली नाही.

ते शीड इन्सॅट-१ए वर उघडलंच नाही. १० एप्रिल १९८२ ला गेलेला हा उपग्रह सुरुवातीपासून रुसलेला. एक अँटेनाही मोठ्या मिनतवारीनं उघडला. सप्टेंबरात चंद्र त्याच्या पृथ्वी-संवेदकाच्या नजरेत आला, पृथ्वीवरची नजर सुटली, इंधन संपलं आणि पाच महिन्यांत खेळ आटोपला. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ ला, चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला, आणि त्याचा सौरपंख अडकला. वर कुणी चढून जाणार नसतं. अशा वेळी हाताशी हत्यारं दोनच, ऊन आणि झटका: यान उन्हाकडे फिरवायचं, सांधा तापू द्यायचा, बारक्या इंजिनांनी हिसका द्यायचा. सप्टेंबराच्या मध्यावर तो पंख उघडला आणि उपग्रहानं ठरलेली सात वर्षं पुरी केली. पुढे इन्सॅट-३डी पासून तर संवेदकाच्या थंड बाजूवर ऊन येऊ नये म्हणून उपग्रह वर्षातून दोनदा स्वतःभोवती वळवून घेतात.

हे सगळं सांभाळणारी माणसं लांब नाहीत. हासनचं मुख्य नियंत्रण केंद्र १९८२ चं. त्याचं दुसरं केंद्र २००५ मध्ये तुमच्या भोपाळात आलं. त्याच्या तबकड्या तुम्ही येता-जाता पाहता. तिथल्या रात्रपाळीच्या माणसाला चहावर बोलवावं, असं आपल्यापैकी किती जणांना वाटलं?

माझी एक आठवण सांगून थांबतो. उपग्रहाचं नाव सांगत नाही, कचेरीचंही नाही. नव्या उपग्रहाची चित्रं यायला लागली होती. चित्रावर संगणकानं किनाऱ्याची पांढरी रेघ काढलेली असे. उपग्रह एक शतांश अंशानं कलला तरी खाली सहा किलोमीटरची चूक होते, आणि हा तर चांगलाच कलला होता. रेघ समुद्रात आणि जमीन रेघेच्या बाहेर. ‘मुंबई बुडाली’ असं आम्ही रोज सकाळी म्हणायचो. जून तोंडावर आलेला, बुलेटिन तर द्यायचंच. आमच्या साहेबांनी एका पारदर्शक कागदावर शाईनं किनारा गिरवून घेतला होता. छापील चित्रावर तो कागद ठेवून ते बोटानं सरकवत राहायचे, थोडा वर, थोडा उजवीकडे. काठियावाडचा कोपरा बसला की म्हणायचे, “हं, आता कोकण वाच.”

दुरुस्ती झाली ती एका रात्रपाळीत, कुणी फोन करून कळवलंही नाही. पहाटेचं चित्र आलं, साहेबांनी सवयीनं कागद ठेवला आणि सरकवायला बोट उचललं. कागद होता तिथंच बसला होता.