हौसेची गोधडी



वसंतातल्या या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, वेदान्त असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. तेव्हा पत्रिकेत ‘गोधडी’ हा शब्द वाचून कोणाला ती छापखान्याची चूक वाटली असल्यास नवल नाही. आम्ही सात-आठ मैत्रिणी गेली काही वर्षे आठवड्यातून एका दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवतो. पोटासाठी शिवतो असे नाही आणि थंडीसाठीही नाही. पांघरुणे बाजारात हवी तेवढी मिळतात. केवळ हौस म्हणून शिवतो. पण या हौसेत एक भांडण सारखे उपटते. टाका सरळ आला पाहिजे असा एकीचा हट्ट, आणि सरळपणापायी बसण्यातली मजा जाते अशी दुसरीची तक्रार. हे भांडण दिसते त्याहून मोठे आहे असे आम्हाला वाटते, म्हणून ते आपल्यापुढे आणले आहे.

जुन्या घरांत गोधडी कशी होत असे ते आधी सांगितले पाहिजे. नेसून नेसून विरलेले लुगडे मऊ झालेले असे. त्याच्या घड्या जमिनीवर अंथरायच्या, मध्ये फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, चादरींचे धडके तुकडे पसरायचे, वर दुसरे लुगडे घालायचे, आणि सुरकुती निघून गेली की कडेने मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून टाकायचे. मग धावदोरा. कडेपासून आत आत, ओळीला ओळ लावून. साध्या कापडातून सुई भरभर जाते. पण मध्येच लुगड्याचा काठ किंवा सदऱ्याची जुनी शिवण आली की ती अडते, आणि तेथे टाका लांब पडतो. हातात कौशल्य कमी म्हणून तो लांब पडतो अशातला भाग नाही. खाली काय दडले आहे ते तो सांगत असतो, एवढेच.

मग त्या बायका हयगय करीत होत्या काय? मुळीच नाही. त्यांची कसोटी कडक होती, पण ती मोजपट्टीची नव्हती. टाका इतका लांब नको की झोपेत पायाचे जोडवे त्यात अडकेल. ओळी इतक्या विरळ नकोत की धुतल्यावर आतले धडपे गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतील. या दोन परीक्षा उतरल्या की गोधडी उत्तम. ओळ जरा वाकडी गेली तर तिच्याकडे कोणी पाहत नसे, कारण गोधडी पाहण्याची वस्तू नव्हती, पांघरण्याची होती.

मोजपट्टी आली ती शाळेतून. आमच्यापैकी बहुतेकींनी शिवणाच्या तासाला नमुन्यांची वही केलेली आहे: कापडाच्या चौकोनी तुकड्यावर धावदोरा, दुसऱ्यावर हेम, तिसऱ्यावर काजे. बाई तो तुकडा डोळ्यांजवळ नेत, एक टाका मोठा दिसला की ओळच्या ओळ उसवीत आणि परत हातात देत. या शिस्तीची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली बायकांना जे शिक्षण मिळू लागले, त्यात शिवणकाम होते, आणि ज्या बाईला त्यावर पोट भरायचे होते तिला बिनचूक शिवणीवाचून गत्यंतर नव्हते. गिऱ्हाईक वाकडी बाही घेत नाही. पण पोटाची शिस्त हौसेच्या घरात तशीच्या तशी येऊन बसली, की मांडीवर गोधडी असते आणि खांद्यावरून परीक्षक वाकून पाहत असतो. आमच्या ओळखीच्या किती तरी घरांत ट्रंकेच्या तळाशी अर्धवट गोधड्या आहेत. कापड संपले म्हणून त्या राहिलेल्या नाहीत. कोणी तरी पाहील आणि हसेल, या भयाने राहिल्या आहेत.

दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. आजकाल तुकडे जोडून नक्षी साधणाऱ्या गोधडीचा छंद आपल्याकडेही वाढला आहे. तेथे अचूकपणा हा नुसता नखरा नाही. एका ओळीत १६ तुकडे असले तर १५ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही अंगांनी एकेक मिलिमीटर कापड जास्त गेले तर ओळ ३० मिलिमीटरनी आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचा मेळ बसत नाही. चांदणीची टोके बोथट होतात. शिवाय काही जणींना त्या टोकाला टोक भिडविण्यातच खरे सुख आहे. आमच्यातली एक तर चांदणी जमेपर्यंत चहालाही उठत नाही. तिला ‘सोडून द्या हो’ म्हणणे ही तिच्या सुखावर घाला घालण्यासारखी गोष्ट आहे.

हा छंद अमेरिकेत फार जुना आणि फार मोठा आहे, आणि तेथल्या दोन हकीकती ऐकण्यासारख्या आहेत. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स या व्यापारी कंपनीने गोधड्यांची स्पर्धा लावली. दिवस मंदीचे, बक्षीस घसघशीत. चोवीस हजारांवर गोधड्या आल्या. पहिले बक्षीस केंटकी राज्यातल्या एका बाईंच्या नावे आलेल्या, अत्यंत बारीक टाक्यांच्या गोधडीला मिळाले. पुढे इतिहासकारांनी शोध घेतला तेव्हा कळले की त्या बाईंनी तिच्यात एक टाकाही घातलेला नव्हता. मजुरीवर शिवणाऱ्या बायकांनी ती केली होती, आणि बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही. निर्दोषपणा हेच एकमेव माप धरले, तर करणारीचे हात मधून गळून गेले तरी चालते, ते असे.

दुसरी हकीकत अलाबामा राज्यातली. नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड नावाच्या वस्तीत गुलामांचे वंशज राहतात. तेथल्या काळ्या बायका शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या करीत. १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कच्या दुकानांत माल जाऊ लागला. दुकानांना एकासारखा एक नग हवा, म्हणून तेथे टाके मोजून घालावे लागत. १९७२ मध्ये कॉर्डुरॉय कापडाच्या उशांच्या अभ्य्रांचे काम मिळाले, तेही त्याच सीअर्स कंपनीचे. उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून आपल्या मनाला येईल तशा, वाकड्यातिकड्या पट्ट्यांच्या गोधड्या केल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लोकांनी रांगा लावून पाहिल्या त्या या मनच्या गोधड्या. २००६ मध्ये त्यांची टपालतिकिटे निघाली. संस्थेच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. त्या पैशाने बायकांना आधार दिला. पण त्याच बाईचे तेच हात दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी चालत होते, हे ध्यानात घ्यावे.

येथे एका लाडक्या दंतकथेचा समाचार घेऊ. जुन्या अमेरिकन बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवीत, कारण पूर्णत्व देवाचे, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. अभ्यासक म्हणतात, याला पुरावा नाही. आणि विचार केला तर ही नम्रता जरा संशयास्पदच आहे: बाकीची सगळी गोधडी निर्दोष आहे, असेच ती सुचविते ना?

त्यापेक्षा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले, कोकणी बोलणारे सिद्दी लोक आम्हाला जवळचे वाटतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातले पुष्कळ गोव्याहून तिकडे गेलेले. त्यांच्या बायका गोधडीला कवंदी म्हणतात. कडेपासून मध्याकडे शिवीत जातात, आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. फुले नसली तर कवंदी नागडी म्हणायची. ओळ वाकडी चालते, कोपरा उघडा चालत नाही! पूर्णत्वाची कल्पना त्यांच्यापाशीही आहे. फक्त ती कोठे लावायची ते त्यांनी स्वतः ठरविले आहे.

आमच्या मंडळात हा प्रश्न गेल्या थंडीत अगदी दाराशी आला. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही त्यांना काकू म्हणतो. पणतवंडासाठी दुपटे करीत आहेत. नजर अधू, त्यामुळे टाके बोटाच्या पेराएवढे पडू लागले. एकीने हळूच सुचविले, रात्री घरी नेऊन उसवून नीट शिवू, त्यांना कळणारही नाही. दुसरी म्हणाली, त्यांना कळणार नाही म्हणूनच ते करू नये. तिसरीचा मुद्दा निराळा, आणि खरा होता: लांब टाक्यात तान्ह्याचे बोट अडकले तर?

दोन दुपारी यात गेल्या. शेवटी काकूंनाच विचारले. त्या म्हणाल्या, “बोट अडकेल तिथे तुम्ही भरा की. माझं मात्र उसवू नका.” तेव्हा आता त्या ओळ घालून पुढे सरकतात, मागून आमच्यापैकी कोणी तरी बोट फिरवून पाहते, आणि जेथे अडते तेथे त्यांच्या दोन टाक्यांच्या मध्ये एक बारीक टाका घालते. काकूंचा दोरा लाल आहे; आम्ही पांढरा घेतला आहे. निम्म्याहून अधिक दुपटे झाले आहे. कोपऱ्यांना फुले लावायची की नाहीत, यावर अजून एकमत नाही.