विद्या आणि कर्मशाळा : विमान व अवकाश संशोधनाची दुहेरी वाट



भारतातील विमाननिर्मितीचा प्रारंभ महाराष्ट्राच्या एका सुपुत्राच्या धडाडीतून झाला. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. भांडवल उभे राहिले, जागा मिळाली. परंतु विमान जाणणारे अभियंते कोठून आणावयाचे, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या कार्यातून मिळाले, त्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव अग्रभागी आहे. कोल्हापूर परिसरात जन्मलेल्या डॉ. घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगन येथे प्रा. प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली होती. बंगळूरच्या या कारखान्यात ते दाखल झाले आणि त्याच नगरीतील भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये सुरू झालेल्या विमानविद्या विभागाच्या पायाभरणीतही त्यांचा मोठा वाटा होता. कारखाना आणि वर्ग असे एकमेकांच्या निकट आले. डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये आकाशात झेपावले.

काही काळ वर्गात आणि काही काळ कामावर, अशा आलटून-पालटून शिक्षणाची पद्धत अमेरिकेत त्याआधीच रुजली होती. सिनसिनाटी विद्यापीठात प्रा. हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थ्यांसह ती सुरू केली. योजना साधी होती. दोन विद्यार्थ्यांची जोडी लावावयाची. एक कारखान्यात असताना दुसरा वर्गात, आणि ठराविक मुदतीनंतर अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातील जागा रिकामी राहत नसे आणि विद्यार्थ्याला वेतनही मिळे. पुढे अमेरिकेच्या नासा या संस्थेनेही सत्राआड सत्र काम देणारी अशी योजना आपल्या केंद्रांत दीर्घकाळ चालविली. आपल्या देशात पिलानीच्या बिर्ला संस्थेने 1973 पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालविले आहे, तर महाराष्ट्रातील काही तंत्रनिकेतनांत 'सँडविच' पद्धतीची पदविका परिचित आहे.

अवकाश व विमान संशोधनाला ही पद्धत विशेष मानवते, याचे कारण त्या कामाच्या स्वरूपातच आहे. वातबोगद्यातील एखादी चाचणी म्हणजे केवळ यंत्र सुरू करणे नव्हे. प्रतिकृती तयार करावयाची, मोजमापाची उपकरणे जुळवावयाची, चाचणी घ्यावयाची, त्रुटी शोधावयाची आणि पुन्हा आरंभ करावयाचा. सुट्टीतील सहा-आठ आठवड्यांत विद्यार्थ्याला कामाची ओळख होते, तोच निघण्याची वेळ येते. परंतु एक सत्र काम करून तो वर्गात परतला, की समीकरणांकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटते. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत जाताना तो प्रश्न घेऊन जातो.

मुंबईच्या उपनगरांना हे क्षेत्र दूरचे नाही. 'प्रथम' हा सुमारे 10 किलो वजनाचा उपग्रह पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडविला. 2007 मध्ये आरंभिलेले हे काम इस्रोच्या शास्त्रज्ञांच्या कसोट्यांतून जात 26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून झालेल्या प्रक्षेपणापर्यंत पोहोचले. नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलल्या, आणि प्रत्येकीला हाती आलेले काम नोंदवून पुढच्यांच्या स्वाधीन करावे लागले. संशोधनातील ही शिस्त केवळ पुस्तकातून येत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या मध्ये, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात, इस्रोच्या अग्निबाणांसाठी 'विकास' इंजिने तयार होत आली आहेत. लोकलच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या या परिसराशी आपल्या मुलाच्या अभ्यासक्रमाचा संबंध असू शकतो, हे मात्र अनेक घरांच्या ध्यानी येत नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या नाकारून चालणार नाही. पदवी सहा महिने किंवा वर्षभर लांबली, की पालकांना वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. धाकट्या भावंडाची फी, घराचा हप्ता, थोरल्याच्या पगाराची वाट पाहणारे घर, या साऱ्यांचा हिशेब त्या चिंतेमागे असतो. त्यात काम बंगळूर किंवा तिरुवनंतपुरमला मिळाले, तर खोलीचे भाडे व भोजनखर्च आलाच. विद्यावेतन तेवढे पुरेलच असे नाही. परिणामी गुणवान परंतु सामान्य घरातील विद्यार्थी संधी सोडतो आणि ती ज्याला परवडते त्याच्याकडे जाते. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा प्रश्न आणखी आड येतो.

येथे सामाजिक संस्थांचे कार्य सुरू होते. शिष्यवृत्ती बहुधा महाविद्यालयाच्या शुल्काशी जोडलेली असते. विद्यार्थी ज्या सत्रात कामावर असतो, त्या सत्रात ती थांबते. नेमका तोच काळ त्याला सर्वाधिक कठीण जातो. त्या सत्रापुरते निवास-भोजनाचे साहाय्य, परगावच्या समाजबांधवांच्या वसतिगृहात एक खाट, आणि पालकांची समजूत घालणारा एखादा अनुभवी अभियंता, एवढ्यानेही वाट मोकळी होऊ शकते. दान थोडे असले तरी योग्य वेळी पोहोचले, तर त्याचे फळ मोठे असते.

शेठ वालचंदांनी कारखाना उभारला. तो चालविणारी माणसे घडविण्यास मात्र अनेक हात लागले. उपनगरातील चाळींत आणि सदनिकांत आज अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना तसेच हात हवे आहेत.